जतला न गेलेलं दुसरं पान

एक गोष्ट आधी सांगून टाकतो, म्हणजे प्रवासाचं सांगायला जीभ मोकळी होईल. ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. या साप्ताहिकात मी इतकी वर्षं फोटोग्राफीचं सदर लिहितो. वाचक पत्रानं शंका विचारतात, मी उत्तरं देतो, आणि 'हातचं काही न राखता शिकवणारा माणूस' अशी माझी ख्याती झाली आहे. ती खोटी आहे. मी हातचं राखतो. एकदा असं राखलं, की त्यापायी एका माणसाच्या आईचा एकुलता एक फोटो गेला.

गेल्या मार्च महिन्यात सांगली आणि जत असा दोन दिवसांचा प्रवास घडला. संपादक म्हणाले, "वर्णन द्या. ऊस, मेंढरं, भाकरी, काय दिसलं ते येऊ द्या." ते येईलच. पण बाकीचंही येणार, आणि ते कापू नका अशी विनंती आहे.

सातारा स्टँडवर सकाळची सांगली गाडी धरली. सांगलीतल्या विश्रामबागला हौशी फोटोग्राफर मंडळाचं प्रदर्शन होतं आणि उद्घाटनाला मला बोलावलं होतं. कॅमेऱ्याची बॅग मांडीवर घेऊन बसलो. एकदा ती ड्रायव्हरशेजारच्या तापलेल्या बॉनेटवर ठेवून दोन रोल शिजवून घेतले आहेत, तेव्हापासून ही सवय.

शेजारी मेढ्याकडचे एक निवृत्त सुभेदार येऊन बसले. कराडला लेकीकडं निघाले होते. पायाशी तांदळाची पिशवी, मिशीला कडक पीळ.

"फोटूवालं काय तुमी?" बॅगेकडं बघत त्यांनी विचारलं.

"हो. साताऱ्यात स्टुडिओ आहे. पेपरात लिहितोही, लोकांना शिकवतो."

"समदं शिकवता?"

मी नुसता हसलो. प्रश्न हसण्यावारी नेणं मला फार वर्षांपासून जमतं.

"न्हाई, इचारलं आपलं," सुभेदार म्हणाले. "मी पलटणीत मशीनगन खोलून जोडायला शिकवायचो. एक खिळ सांगायची राहिली तर म्होरचा गडी जातोय. तवा आमचं काम सोपं. राखायची सोयच न्हाई."

कराडला ते रामराम करून उतरले. त्यांचं बोलणं मात्र पेठ नाक्यापर्यंत गाडीत बसून होतं. बाहेर दोन्ही अंगांना ऊस. काही फडांत तोडणी उरकून नुसतं पाचट पडलेलं, काही अजून उभे. इस्लामपूरच्या पुढं एका गुऱ्हाळाचा गोड, जड वास गाडीत शिरला. एरवी मी खिडकीतून दोन-चार फोटो घेतले असते. त्या दिवशी बॅग उघडली नाही.

विश्रामबागला कॉलेजच्या बाजूच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. कृष्णेचा घाट, धुक्यातली नाव, म्हातारीच्या सुरकुत्या. फोटो चांगले होते. सगळ्यांत देखणा होता तो सांगलीतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्यांचा. त्यांना सगळे नाना म्हणतात. देवळाच्या गाभाऱ्यात एकच समई, आणि तिच्या उजेडात पुजाऱ्याचे हात. उद्घाटनाच्या आधी नानांनी मला कोपऱ्यात घेऊन स्वतः सांगितलं होतं, "सेकंदाचा आठवा भाग. भिंग पूर्ण उघडं. कॅमेरा खांबाला टेकवला आणि श्वास धरला." सांगताना डोळा मिचकावला. आम्ही दोघं एकाच जातीचे, म्हणजे धंद्याच्या, असा तो डोळा होता.

मग चहा आणि भडंग (मसाला लावलेले चुरमुरे) फिरलं. मिरजेच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या होत्या. त्यांनी भीतभीत विचारलं, "नाना, इतक्या कमी उजेडात कसं जमलं? शटर किती ठेवलं होतं?"

"बाई, त्याला नजर लागते," नाना म्हणाले.

"ते खरं, पण शटर?"

"आता ते कुठं ध्यानात राहतं? पाच-पन्नास रोल फुकट घालवा. आपोआप येईल."

भोवतीचे चार-पाच जण हसले. बाईही कसनुशा हसल्या आणि हातातली वही मिटायला लागल्या. माझं डोकं फिरलं. एका बाईला शिकायचं आहे, ती सरळ विचारते आहे, सांगायला अर्धं मिनिट लागणार आहे, आणि आपण तिला पन्नास रोल जाळायला सांगतो! वर हसतो!

"सेकंदाचा आठवा भाग," मी मोठ्यानं म्हणालो. "भिंग पूर्ण उघडं. कॅमेरा खांबाला टेकवायचा, श्वास धरायचा. लिहून घ्या बाई. तासापूर्वी नानांच्या चांगलं ध्यानात होतं."

नाना रागावले नाहीत, हेच वाईट. बशीतलं भडंग निवडत म्हणाले, "तुमचं बरंय साहेब. तुम्ही पाहुणे, उद्या जाल. पण असं सांगत सुटल्यावर आमच्या दुकानात काळं कुत्रं फिरकायचं नाही. तुमच्यामुळंच तो जतचा बनसोडे मास्तर सुटलाय. दर रविवारी शाळेच्या ओट्यावर बसून फुकट शिकवतो, येईल त्याला. आणि वर सांगतो, मला साताऱ्याच्या साहेबांनी शिकवलं."

लोकांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं. एकानं तर टाळी वाजवली. मी बशी टेबलावर ठेवून दिली.

आता ते पत्र सांगायलाच हवं.

सहा-सात वर्षं झाली. जत तालुक्यातल्या एका गावातून सिद्राम बनसोडे नावाच्या प्राथमिक शिक्षकाचं मला पत्र आलं. अक्षर फळ्यावर काढल्यासारखं. लिहिलं होतं: आमच्या वस्तीत छप्पन साली दीक्षा घेतलेली माणसं आता थोडीच उरलीत. त्यांचे फोटो काढून ठेवतोय. सहा जणांचे झाले, त्यात माझी आई आहे. तिनं जन्मात फोटो काढून घेतला नव्हता, फार आढेवेढे घेतले. रोल मी घरीच धुणार आहे, कारण गावाबाहेर पाठवायचा धीर होत नाही. पण इथं पाणी टँकरचं, पिंपात तापतं. कढत पाण्यात फिल्मवरचा थर सुटतो असं ऐकलंय. काय काळजी घ्यावी? तुमचं उत्तर येईपर्यंत रोल तसाच ठेवतो.

मी दोन दिवसांत उत्तर लिहिलं. एक पान, दोन्ही बाजूंनी भरून. अंधार कसा करायचा, औषध किती, वेळ किती, माठात औषध गार कसं करायचं, सगळं लिहिलं. एकच लिहिलं नाही. तापलेल्या मुलखात फिल्म हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधात, घालायच्या आधी तुरटीच्या पाण्यातून काढायची. थर घट्ट बसतो, मग कढत पाण्यातही सुटत नाही. न्हावी गालाला फिरवतो तीच तुरटी, गल्लीतल्या दुकानात मिळते. तेवढंच लिहायचं होतं, आणि ते मी लिहिलं नाही.

विसरलो नाही. लेखणी थांबली ती मला आठवते. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो त्यांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "सगळं सांगायचं, शेवटचं राहू द्यायचं. नाहीतर शिकलेला माणूस समोरच दुकान टाकतो." त्यांनीही मला तुरटी सांगितली नव्हती. माझे चार रोल गेले तेव्हा कुठं सापडली. आमच्या धंद्यात हे असंच चालत आलं. प्रत्येकानं आपले रोल जाळले आणि दुसऱ्याचेही जळू दिले, आणि याला आम्ही साधना म्हणत आलो. साधना! निव्वळ कंजूषपणा तो.

पण जतचा शिक्षक माझ्या दारात येऊन दुकान टाकणार नव्हता. मग का? त्याच्या महिनाभर आधी याच साप्ताहिकानं बनसोड्यांचा धुळीतल्या मेंढरांचा फोटो पहिल्या पानावर छापला होता आणि माझा आत, जाहिरातीशेजारी. ते मला लागलं होतं. आणि पत्राखालचं आडनाव वाचून हात अधिक आखडला का, हेही मी स्वतःला विचारलं आहे. ठामपणे 'नाही' म्हणता येत नाही. यापेक्षा जास्त मला त्यावर लिहवत नाही.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. साताऱ्याला परतायचं सोडून मी जतची गाडी धरली.

मिरज, कवठे महांकाळ, आणि मग हिरवा रंग मागं पडत गेला. नागज फाट्याच्या पुढं तर जमीन उघडीच पडते. लांबच लांब माळ, ज्वारीची काढणी झालेली रानं, मधेच बाभळ. फाट्यापासून थोड्या अंतरावर गाडीचं इंजिन तापलं. ड्रायव्हरनं झाकण उघडलं तशी वाफ उसळली. कंडक्टर रिकामी बादली घेऊन रस्त्यावर उभा राहिला, पण त्या मुलखात बादली कुठं भरणार? माळावर एक मेंढपाळ होता, माडग्याळी मेंढ्यांचा कळप घेऊन. त्या मेंढ्यांची नाकं पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असतात. तो आला, खांद्यावरचा प्यायच्या पाण्याचा कॅन उतरवला आणि न विचारता सगळा रेडिएटरात ओतला.

"अहो, तुम्हाला प्यायला?" मी म्हणालो.

"मुंदं हाय की," तो म्हणाला. मुंदं म्हणजे पुढं. इकडच्या मराठीत कानडी अशी मिसळलेली असते. "गाडी हितं बसून काय करतीया? तुमचं काम असंल न्हवं जतात?"

काम होतं. ते काय, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.

जतहून वडापच्या, म्हणजे माणसं भरली की सुटणाऱ्या, जीपनं गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. शाळा गावाच्या टोकाला. ओट्यावर कडुनिंबाच्या सावलीत सात-आठ माणसं मांडी घालून बसली होती. रजेवर आलेला एक जवान, एक शिंपी, अंगणवाडीच्या एक बाई, असे. समोर पन्नाशीकडं झुकलेले, पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ एका फुटक्या कॅमेऱ्याचं पोट उघडून दाखवत होते. मी नाव सांगितलं.

बनसोडे गुरुजी उठले ते कॅमेरा तिथंच ठेवून. "आवं, उठा उठा! हेच ते साताऱ्याचं सायेब. ज्यांचं पत्र तुमास्नी दाखवितो ते." सगळी माणसं उभी राहिली. अंगणवाडीच्या बाईंनी वाकून नमस्कार केला. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

खांबाला खिळ्यावर प्लॅस्टिकच्या कव्हरात माझं पत्र टांगलं होतं. माझंच अक्षर, माझी सही.

"तुमी बसा. आजचा धडा तुरटीचाच हाय," गुरुजी म्हणाले. त्यांनी खिशातून वहीच्या कागदात गुंडाळलेली फिल्मची पट्टी काढली आणि उन्हाकडं धरली. पट्टी काचेसारखी आरपार होती. "ही माझी आई."

कुणी हसलं नाही. बहुतेकांनी आधी ऐकलेलं असावं.

"दुधावरची साय सरकती तसा थर सरकला. वाडग्यात डोळ्यांदेखत गेला. ह्या कोपऱ्यात डोळं बारीक करून बगा, पदराचं टोक ऱ्हायलंय. तुरटी न्हाई घातली की हे असं हुतं." पट्टी हातोहात फिरली. जवानानं ती फार जपून धरली. माझ्यापर्यंत आली. पदराचं टोक होतं, नखाएवढं.

"पुन्हा काढला नाही का फोटो?" मी विचारलं.

"रोल धुतला आन् पंधरा दिसांत ती गेली."

"मग तुरटी तुम्हाला कुणी सांगितली?"

"गावात कातडी कमवणारं एक आजोबा हुतं. त्यास्नी दाखवलं. त्यांनी बोटानं चोळून बगितलं आन् म्हणालं, ह्यो तर सरस हाय, चामड्याचाच डिंक. कातडं मऊ पडाय लागलं की आमी तुरटी लावतो, तू बी लाव. झालं! त्यांनी काय लपवलं न्हाई. मग मी कशापायी लपवू?" गुरुजी हसले. मग पत्राकडं बोट करून वर्गाला म्हणाले, "सायबांनी बी लिवलं हुतंच. पर दुसरं पान टपालात गळालं. चूक माजीच. वाट बगाय पायजे हुती, म्या घाई केली."

दुसरं पान.

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. समोर आठ माणसं होती, सावली होती, कुणी मला मारणार नव्हतं. मी घसा खाकरला आणि पाणी मागितलं. टँकरच्या गावात मी पाणी मागितलं, आणि चार जण आणायला उठले.

जेवायला त्यांच्या घरी. सुमनताई, गुरुजींच्या पत्नी, चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापत होत्या. ताटात शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ, कच्चा कांदा. भाकरी इतकी पातळ आणि गोड की एरवी मी त्यावर परिच्छेद लिहिला असता.

"त्या पोस्टमनला म्या लय बोललो हुतो," गुरुजी जेवताना सांगत होते. "वर अर्ज बी केला. त्येनं शपथ घेतली, गुरुजी, पाकीट हलकंच हुतं म्हणून. म्या कशाला ऐकतोय! तवापासनं तो आमच्या दारात चा प्यायचा बंद झाला."

सुमनताईंनी तव्यावरची भाकरी उलटली. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "दुसरं पान असतं तर पयल्याच्याच खाली सही कशी वो?"

मी ताटाकडं बघत भाकरीचा तुकडा मोडला.

"अगं येडे," गुरुजी हसून म्हणाले, "मोठी माणसं पानापानाला सही करत्यात. पान बदलू नये म्हणून. व्हय का न्हाई सायेब?"

मी मान हलवली. होय म्हणून हलवली. सुमनताईंनी माझ्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "खावा. लांबनं आलायसा." त्या बाईला सगळं कळलेलं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. गुरुजींना कळलं होतं की नव्हतं, हे मात्र मला सांगता येत नाही. मी खाल्लं. शरम वाटते, पण पोटभर खाल्लं.

हात धुतल्यावर गुरुजींनी शाळेच्या वहीचा कोरा कागद आणि पेन माझ्यापुढं ठेवलं. "येक काम करा सायेब. तेवढं दुसरं पान परत लिवून द्या. पत्र अर्धवट वाटतंय वो. दोन्ही पानं शेजारी शेजारी लावतो. शिकणाऱ्याला बरं पडंल."

मी पेन उघडलं. कागदाच्या वर तारीख घातली. मग टोपण लावलं आणि म्हणालो, "नेमकं प्रमाण बघून लिहायला हवं. साताऱ्याहून पाठवतो."

आयुष्यभर लोकांना ग्रॅम आणि मिनिटं तोंडपाठ सांगणारा मी, तुरटीचं प्रमाण बघून लिहिणार होतो!

"व्हय व्हय, सावकाश," गुरुजी म्हणाले. "निघायच्या आधी आमच्यासंगं येक फोटू?" ओट्यावर सगळ्यांच्या मधोमध मला बसवून शिंप्यानं फोटो काढला. कॅमेरा कसा धरायचा, उजेड कुठून घ्यायचा, ते त्यानं मलाच समजावून सांगितलं, पहिल्यांदा भेटलेल्या परक्या माणसाला सांगावं तसं, सगळं. बरोबर सांगितलं.

परतीच्या वाटेवर जत, मिरज, सांगली, कराड, सगळं उलटं येत गेलं, हिरवाही परत आला. मी नानांवर चिडत बसलो, मग माझ्या गुरूंवर, मग सगळ्या स्टुडिओवाल्यांवर. साताऱ्याच्या स्टँडवर उतरेपर्यंत चिडायला कुणी उरलं नाही. नाना निदान बाईंच्या तोंडावर खोटं बोलले. मी उदार माणूस म्हणून मिरवत खोटं वागलो, आणि एका मुलाला त्याच्या आईचा चेहरा गेल्याबद्दल सहा वर्षं स्वतःला दोष देऊ दिला.

गेल्या आठवड्यात जतहून पाकीट आलं. त्यात तो ओट्यावरचा फोटो. छान आला आहे, थर कुठंही सुटलेला नाही. मागं गुरुजींनी लिहिलं आहे: दुसऱ्या पानाची वाट बघतो, घाई नाही.

त्या पानाचे मी तीन खर्डे केले. तिन्हीत तुरटीचं प्रमाण अचूक आहे. तिन्ही फाडले. तुरटी त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते.

गुरुजी या साप्ताहिकाचे वर्गणीदार आहेत, तेव्हा हे त्यांच्या वाचनात येईल. पण छापून सांगणं सोपं असतं. छापणाऱ्यासमोर कुणी भाकरी वाढत नसतं. म्हणून एवढ्यानं फिटलं असं मी धरत नाही.

सिद्राम बनसोडे यांना मी एक पान देणं लागतो, आणि ते स्वतः त्यांच्या ओट्यावर नेऊन, वर्गासमोर वाचून द्यायचं आहे. दुसरं पान कधीच नव्हतं. तुरटी मला माहीत होती आणि मी ती मुद्दाम लिहिली नाही. चूक तुमची नव्हती, पोस्टमनची नव्हती. ते पान मी अजून दिलेलं नाही.